मांडीवर दिलेला राजा

आमच्या म्हैसूरच्या सिटी बसमध्ये एक रीत होती, थोडीफार अजूनही आहे. उभ्या बाईने आपली पिशवी बसलेल्या बाईच्या मांडीवर द्यायची. विचारायचं नाही, ओळख काढायची नाही, तोंडाकडे बघायचीसुद्धा गरज नाही. पिशवी पुढे केली की बसलेली बाई ती घेते, आपल्या पिशवीवर रचते आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागते. आपला स्टॉप आला की हात पुढे करायचा, पिशवी हातात येते. अशा कितीतरी पिशव्या मी दिल्या आणि घेतल्या. एका आषाढात मात्र अशाच एका अनोळखी मांडीवर मी आमचा राजा दिला आणि तो तिथेच ठेवून खाली उतरले.

राजा म्हणजे लाकडी बाहुला, हातभर उंचीचा. म्हैसूरकडे लग्नात मुलीला राजा-राणीची जोडी देतात, तिला पट्टद गोंबे म्हणतात. नवरात्रात पायऱ्या मांडायच्या, सगळ्यात वरच्या पायरीवर ही जोडी बसवायची आणि खाली बाकीच्या बाहुल्यांचा संसार. आमचं घराणं कधीकाळी फौजेच्या चाकरीसाठी इथे आलेलं. आमच्याकडे मुळात घट बसायचे, बाहुल्या नव्हत्या. पण आई कृष्णराजनगरची. तिच्या वडिलांनी शेजाऱ्यांच्या मुलींना मिळालेलं आपल्या मुलीला मिळू नये हे मनाला लावून घेतलं आणि रक्तचंदनाची जोडी करवून तिच्याबरोबर पाठवली. तेव्हापासून आमच्याकडे घटही बसतात आणि राजा-राणीही.

माझे वडील गेले आणि आईने बाहेर जाणंयेणं जवळपास सोडून दिलं. पण नवरात्रात ती जोडी बसवायची, राजाच्या फेट्यावर नवी जर लावायची, आणि ते करताना तिचा चेहरा उजळायचा. वर्षभर ती जोडी एकाच जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत निजलेली असायची. त्या वर्षी ट्रंकेला हवा द्यायला म्हणून मी उघडली तर राजाचा उजवा हात खांद्यापासून निखळलेला. आईला सांगून तिचा जीव कशाला टांगणीला लावा, असं मला वाटलं. गुपचूप दुरुस्त करून आणू, नवरात्राला अजून तीन महिने आहेत. मी स्वतःला भारी शहाणी समजायचे.

मी तेव्हा एका शाळेत गणित शिकवत होते. तिशी उलटली होती, लग्न केलं नव्हतं, आणि शाळेत माझ्या जिभेला सगळे टरकून असायचे. जयलक्ष्मीपुरममध्ये शिसवी लाकडावर काम करणारा एक वयस्क कारागीर राहतो असं कळलं होतं. शाळा सुटल्यावर राजाला कापडी पिशवीत घातलं, तुटका हात गणिताच्या एका कच्च्या कागदात गुंडाळून त्याच पिशवीत ठेवला आणि बस पकडली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा, खांद्याला पर्स, आणि वर राजा. बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वह्या मी खुशाल पायाशी ठेवल्या असत्या, पण नेमक्या त्या मी काखेत धरून ठेवल्या. राजाला पायाशी ठेवणं शक्यच नव्हतं. ज्याला नऊ दिवस हळदीकुंकू वाहतो त्याला लोकांच्या चपलांत कसा ठेवणार. खिडकीशी बसलेल्या बाईकडे पिशवी पुढे केली, तिने ती घेतली. मला दिसलं ते फक्त तिचं मनगट. त्यावर पुरुषाचं, पोलादी पट्ट्याचं, बरंच सैल असं घड्याळ होतं.

स्टॉप जवळ आला तेव्हा मागून दोघी विद्यार्थिनींनी "नमस्ते मिस" म्हटलं. मी शाळेतल्या बाईच्या ऐटीत मान हलवली, गर्दीने मला दाराकडे लोटलं, आणि मी उतरले. छत्री होती, वह्या होत्या, पर्स होती. दोन्ही हात भरलेले होते, म्हणून काही राहिलंय असं वाटलंच नाही. कारागिराचं घर शोधलं, त्याने "दाखवा" म्हणून हात पुढे केला, आणि तेव्हा मला कळलं की दाखवायला माझ्याकडे काही नाही.

मी रिक्षा करून बसमागे धावले. शेवटच्या स्टॉपवर बस उभी होती, रिकामी. कंडक्टर म्हणाला, इथं कोणी काही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी डेपोत गेले. तिथे एका कपाटात लोकांनी विसरलेल्या वस्तू होत्या: छत्र्या, डबे, चष्मे, एका पायाचा शाळेचा बूट. राजा नव्हता. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आठव्या दिवशी तिथला कारकून मला लांबून बघूनच मान हलवायला लागला.

मग मी त्या बाईला चोर ठरवलं. सरळ सांगते, लपवून काय उपयोग. रक्तचंदन आहे हे तिने ओळखलं असेल, विकलं असेल, निदान दिवाणखान्यात मिरवत असेल, असं मी मनाशी पक्कं केलं. त्या बसने जाणंच मी सोडून दिलं. त्या खिडकीकडे बघितलं तरी माझं डोकं तडकायचं. आणि कुठल्याही बसमध्ये पिशवी कुणाच्या हातात देणं बंद केलं. बसलेल्या बाया आपणहून हात पुढे करायच्या, मी पिशवी छातीशी धरून उभी राहायचे. त्यांना वाटलं असेल, हिच्या पिशवीत सोनं आहे.

भाद्रपद संपत आला. आई रोज काहीतरी काढायची. पायऱ्यांवर घालायची पांढरी चादर धुतली, जर आणवली, राणीच्या बांगड्यांसाठी मणी ओवून ठेवले. घटस्थापनेच्या आदल्या सकाळी तिने ट्रंक उघडायला सांगितली, तेव्हा मी खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. हात निखळला इथपासून डेपोतल्या कपाटापर्यंत. आई रडेल, नाहीतर बोलणंच टाकेल, अशी माझी तयारी होती.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठं ठेवला होतास त्याला? सीटवर?"

"नाही. एका बाईच्या मांडीवर दिला होता."

"तू दिलास? का तिनं ओढून घेतला?"

"मीच दिला."

"आयतु मग, झालं तर," आई म्हणाली. "हरवला नाही तो. कोणाकडं तरी आहे."

"आई, ती बाई कोण, कुठली, काही ठाऊक नाही."

"तुला ठाऊक नाही. म्हणून काय तिला कळत नाही होय? पट्टद गोंबे आहे तो, भाजीची पिशवी नव्हे. नवरात्र लागलं की राजाला कोणी पिशवीत ठेवत नाही. कुठंतरी पायरीवर बसलेला असणारच, अल्वा, हो ना? जा, घरोघर जाऊन बघ." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "सुम्ने, उगीच बसून रडू नको."

दुसऱ्या दिवशी तिने वरच्या पायरीवर राणी बसवली आणि तिच्या उजव्या अंगाला विड्याच्या पानावर एक सुपारी ठेवली. आपल्याकडे जोडीने बसायच्या पूजेला एकजण नसेल तर त्याच्या जागी सुपारी ठेवतात, तशी. सुपारीलाही तिने कुंकू लावलं, चिमूटभर जर लावली. वडील गेल्यावर तिने असं काही ठेवलं नव्हतं, गेलेल्या माणसाच्या बाबतीत ते चालत नाही. ती सुपारीसमोर बराच वेळ बसून राहिली आणि मला तिथे थांबवेना.

म्हैसुरात नवरात्राच्या संध्याकाळी मुलं टोळ्या करून दारोदार जातात. "गोंबे कूर्सिदीरा?" म्हणजे बाहुल्या बसवल्यात का, एवढंच विचारायचं, आणि कुठल्याही घरात शिरायचं. बाहुल्या बघायच्या, हातावर काहीतरी खाऊ घ्यायचा, पुढचं दार. चौतीस वर्षांच्या गणिताच्या बाईने हे करायचं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. पहिले दोन दिवस मी ओळखीच्यांची घरं केली. तिसऱ्या दिवसापासून जयलक्ष्मीपुरम धरलं, कारण बस तिकडे जात होती. मी पोरांच्या घोळक्यामागे उभी राहायचे. एका घरी यजमानीणबाईंनी विचारलं, "यातला तुमचा कोणता?" मी म्हटलं, बघतेय.

मी त्या काही संध्याकाळींत जितके राजे पाहिले तितके आयुष्यात पाहिले नव्हते. नऊ पायऱ्यांचे, तीन पायऱ्यांचे, कपाटावरचे, स्टुलावरचे. मिशा झिजलेले, डोळे नव्याने रंगवलेले, नातवंडांच्या झबल्याच्या कापडाचे अंगरखे घातलेले. प्रत्येक घरातल्या बाईला आपल्या जोडीची कथा सांगायची असायची: ही माझ्या आजीची, ही पुरातून वाचली, हिच्या राणीचं नाक माझ्या भावाने तोडलं. मी घाईत होते, मला फक्त वरची पायरी बघायची होती, पण हळूहळू मी ऐकायला लागले. एवढ्या घरांत एवढा जीव लाकडाच्या दोन तुकड्यांत ठेवलाय, हे मला या गावात जन्म काढून कळलं नव्हतं.

सातव्या दिवशी मी एका लहानशा बैठ्या घरात शिरले. दार उघडंच होतं, आत माझ्याशिवाय कोणी पाहुणं नव्हतं. तीनच पायऱ्या. खाली मोजक्या मातीच्या बाहुल्या, रंग उडालेल्या. वरच्या पायरीवर राजा, एकटाच. त्याच्या डाव्या अंगाला पानावर एक हळकुंड ठेवलेलं, पांढऱ्या दोऱ्यात पिवळं. राजाचा फेटा मोरपंखी, आमच्याचा लाल. आणि त्याला दोन्ही हात होते. मी नीट बघितलं, उजवा हात जागेवर होता. आपला नव्हे, असं मनाशी म्हणून मी मान फिरवली.

आतून एक सडपातळ, पांढऱ्या केसांची बाई आली आणि माझ्यापुढे उसळीचा द्रोण धरला. तिच्या मनगटावर पुरुषाचं घड्याळ होतं, पोलादी पट्ट्याचं, कोपराकडे घसरलेलं.

द्रोण घेऊन मी खाली बसले. तीही समोर बसली आणि सांगायला लागली. ती कानडीत बोलत होती, मी तिचं बोलणं इथे मराठीत सांगतेय. तिच्या बोलण्यावरून कळत होतं की हे तिने आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं आहे.

"हा राजा माझा नव्हे, अम्मा. आषाढात बसमध्ये कुणीतरी माझ्या मांडीवर दिला. उतरताना न्यायला विसरली. मी खिडकीतून हाका मारल्या, गाडी सुटली होती. त्या स्टॉपवर मी पंधरा दिवस त्याच वेळेला पिशवी घेऊन उभी राहिले. ती आली नाही."

पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत मी डेपोत खेटे घालत होते, दुसऱ्या रस्त्याने जात होते आणि तिला चोर म्हणत होते.

"कंडक्टरकडे का नाही दिला?" मी विचारलं.

"त्याच्याकडे कसा देऊ? तिने माझ्या मांडीवर दिला होता, त्याच्या नव्हे." हे तिने इतकं साधं म्हटलं, जणू दोन आणि दोन चार. "मग मी विचार केला, पट्टद गोंबे असलेली बाई नवरात्रात घरोघर गोंबे बघितल्याशिवाय राहायची नाही. आज ना उद्या माझ्याकडे येईल. पण माझ्याकडे गोंबेच बसत नव्हते. यजमान गेल्यापासून पेटी उघडली नव्हती, बारा वर्षं. यंदा उघडली. दिसेल त्याला बोलावते, हे सांगते. एवढ्या वर्षांत इतकी माणसं या घरात आली नव्हती."

"आणि हात?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. ती कदाचित सगळ्यांना सांगताना तेवढं मुद्दाम गाळत असावी. "कुठला हात?"

"उजवा. तुटलेला होता. कागदात गुंडाळलेला."

"कसल्या कागदात?"

"गणिताच्या. कच्चा कागद, लाल शाईच्या खुणा असलेला. लसावि काढलेला."

ती उठली, देवघरातून घडी केलेला कागद घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवला. माझंच अक्षर. तिने तो इस्त्री केल्यासारखा सपाट ठेवला होता. "मोडका राजा पट्टावर, गादीवर कसा बसवायचा," ती म्हणाली. "इथं मागे एक म्हातारा कारागीर आहे. त्याच्याकडून बसवून घेतला, फेटा मी नवा बांधला. तुम्ही त्याच्याकडेच निघाला होतात ना? तो म्हणाला, एक बाई रिकाम्या हाताने आली होती आणि पळत सुटली. पण कुठली ते त्याला ठाऊक नव्हतं."

माझं अर्धवट राहिलेलं काम तिने पुरं करून ठेवलं होतं. मी नमस्कारासाठी वाकले ते राजासाठी की तिच्यासाठी, मला खरंच माहीत नाही. मी एवढंच म्हणू शकले की मी तुम्हाला चोर समजत होते. ती हसली आणि म्हणाली, "मीही तुम्हाला वेंधळी म्हणत होते. उसळ खा."

बसवलेला राजा दसरा होईपर्यंत जागचा हलवत नाहीत, त्यामुळे मी त्याला तिथेच ठेवून आले. तिने पाठवायची घाई केली नाही, मीही मागितला नाही. घरी येऊन आईला सांगितलं. हळकुंडाचं सांगितलं तेव्हा आईने वर राणीकडे आणि सुपारीकडे पाहिलं. गावाच्या दोन टोकांना दोन बायका, एकमेकींना न ओळखणाऱ्या, सात दिवस नसलेल्याची जागा राखून होत्या. माझे हिशोब वर्गात कधी चुकले नाहीत, पण या गोष्टीचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही. मी फक्त त्या गोष्टीपुढे थक्क होऊन उभी राहते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई आमच्याकडे आली, त्याच कापडी पिशवीतून राजाला घेऊन. आई पायऱ्यांपुढे पाटावर बसली होती. "बन्नी, बन्नी," या, या, म्हणत उठायला लागली तर बाईंनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि राजाला पिशवीतून काढून तिच्या मांडीवर ठेवलं. आईने त्याचा उजवा हात चाचपून पाहिला, मग डावा, मग तोंडावरून हात फिरवला. ती रडली, हे सगळं कळल्यापासून पहिल्यांदाच, आणि बाई शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

निघायच्या वेळी बाईंच्या हातातली पिशवी रिकामी होती. ती रिकामी पिशवी मी बघितली, आईने माझ्याआधी बघितली असणार. तिला मनात काय दिसलं ते मला कळलं, कारण मलाही तेच दिसत होतं: ती तीन पायऱ्यांची खोली आणि वरची मोकळी पायरी. आई उठली, खालच्या पायरीवरची शेट्टी-शेट्टीणीची जोडी उचलली. मातीचं वाण्याचं जोडपं, पुढे धान्याच्या इवल्या राशी मांडून बसलेलं. माझ्या लहानपणापासून ते तिथे होतं, वडिलांनी आणलेलं. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तिने ते पिशवीत घातलं.

"हे बेड, अम्मा," बाई म्हणाल्या, नको म्हणाल्या.

"जोडी आहे," आई म्हणाली. "पुढच्या वर्षी पेटी उघडायला कारण पाहिजे की नको? आम्ही बघायला येणार."

आई दोन वर्षांत कोपऱ्यावरच्या देवळापर्यंतही गेली नव्हती.

मी बाईंना स्टॉपवर सोडायला गेले. दसरा बघायला सरगूरहून, कुठून कुठून आलेली माणसं अजून परतत होती, बस आली ती दारापर्यंत भरलेली. मी म्हटलं, अम्मा, पुढच्या बसने जा, मातीचं आहे, फुटेल. ती तोवर चढलीसुद्धा होती. मी खिडक्यांमधून बघत राहिले. ती दोन पावलं आत सरकली, वरचा दांडा धरला, आणि खिडकीशी बसलेल्या कुणा बाईकडे पिशवी पुढे केली. तिच्या तोंडाकडेही बघितलं नाही. त्या बाईने पिशवी घेतली, मांडीवर ठेवली, वरून दोन्ही हात ठेवले आणि खिडकीबाहेर माझ्याकडे बघायला लागली.

बस सुटली. मी घरी परतायला समोरच्या बाजूची बस पकडली, उभी राहिले, आणि बऱ्याच महिन्यांनी छातीशी धरलेली पर्स खाली घेतली. शेजारच्या सीटवरच्या बाईने हात पुढे केला. मी दिली.